कॅमेऱ्याचं कपाळ

कॅमेऱ्याच्या गळ्यातला झेंडूचा हार बद्रीनाथनं ओरबाडून काढला, तशा हारातल्या मुंग्या त्याच्या बाहीत शिरल्या.

देवगाव रंगारीच्या पुढं, डोंगरातल्या एका पळसाच्या बुंध्याला त्यानं हा कॅमेरा गुडघाभर उंचीवर बांधला होता. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. त्याला इथं एकदा दिसलेलं उदमांजर फोटोत हवं होतं. त्यापायी तो शहरातलं आपलं औरंगपुऱ्याचं झेरॉक्सचं दुकान बंद ठेवून इकडं यायचा, आणि थोरले बंधू तात्यासाहेब चारचौघांत म्हणायचे, यानं पाहिलं ते कुणाच्या तरी घरचं मांजर असणार. आता तर पंगतीत पोरंही त्याला बघून म्याँव करायची. ते त्याला फार लागलं होतं.

राखण बानाबाईकडं होती. तिची झोपडी जवळच होती, शेळ्या तिथंच चरायच्या. काल खंडेनवमी. तिनं कुऱ्हाड पुजली, विळा पुजला, आणि हेच एक बिचारं उपाशी कशाला, म्हणून कॅमेऱ्यालाही हार घातला. काचेला कुंकू लावलं. वर नैवेद्याचा गूळ चोळला.

“आवजार हाय ना तुमचं? मग त्याला सण नको?”

बद्रीनाथ नको नको ते बोलला. बानाबाई शेळ्यांकडं वळली.

मग त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड मोबाइलला जोडलं. कालच्या दुपारच्या शेळ्या लालभडक. रात्रीचं नुसतं गुळाचं धुकं. धुकं, आणखी धुकं, आणि एकाएकी फोटोभर जीभ. पुढंही जीभच. शेवटच्या फोटोत काच चाटूनपुसून लख्ख झालेली आणि पाहुणा पोट भरून निघालेला. कडेला शेपटीचं टोक तेवढं उरलं होतं.

बद्रीनाथनं तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. आलं होतं तर! पण तात्यासाहेब म्हणणार, शेपूट काय, मांजरालाही असते. आणि आपण या बाईला उगीच बोललो.

त्यानं घसा खाकरला.

“मावशी, गूळ उरलाय का?”

“आता हात लावू नको म्हणलात ना?”

“काचेला नको. समोरच्या दगडावर ठेवू.”

ती झोपडीतून गूळ घेऊन आली. दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा होता.

“आन् हे?”



“लावा. पण कपाळाला.”

“ह्याचं कपाळ कुठं?”

त्यानं काचेच्या वरची पट्टी बोटानं दाखवली. मग तुटलेल्या हाराला गाठ मारून तो पुन्हा चढवला.

निघाल्यावर खडा टोचला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पायांत चपला नाहीत. हार चढवायला जाताना त्यानंच त्या पळसापासून चार हात अलीकडं जोडीनं काढून ठेवल्या होत्या.