सुटायची घंटा भिंगरीची

मी या शाळेची घंटा बोलतेय. पाच वाजायला पाच मिनिटं आहेत, तेवढ्यात सगळं सांगून टाकते. आज मला धीरच धरवत नाहीये!

ओताऱ्याने मला पितळेतून घडवलं आणि पहिला ठोका दिला, तेव्हा त्याची बायको आतून ओरडली, "अहो, कानठळ्या बसल्या!" तो खूश झाला. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीबाहेर मला टांगलं आणि शिपाईमामा लाकडी हातोडीने मला बडवू लागले. माझ्या एका आवाजावर तीनशे पोरं धावायची. गणिताचा तास संपला की पोरांचे चेहरे खुलायचे, गणिताच्या बाईंचाही, पण ते मी कुणाला सांगत नाही. खरं सांगू? मला भारी माज होता.

मग दुसरीत भिंगरी आली. स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून आई तिला भिंगरी म्हणते. बोलते अगदी मोजकं. सकाळी आई तिला वर्गात सोडून जायची आणि थोड्याच वेळात ती पाण्याच्या टाकीमागे सापडायची, कान दाबून रडत. पुढे पुढे तर ती घराबाहेरच पडेना. कुणी म्हणे अभ्यासाला घाबरते, कुणी म्हणे लाडाने बिघडलीय. बाक बदलला, तुकडी बदलली, उपयोग शून्य.

शेवटी मोठ्या बाईंनी आईला बोलावलं. "अहो, महिन्यातून चार दिवससुद्धा येत नाही ती. नाव कमी करावं लागेल मला."

"एवढं नका करू, बाई. तिला शाळा आवडते हो! घरी बाहुल्यांची हजेरी घेत बसते."

मग मोठ्या बाईंनी विशेष मुलांना शिकवणाऱ्या एका ताईंना बोलावून घेतलं. ताईंनी हजेरीपट उघडला. "या मंगळवारी मात्र शेवटपर्यंत बसलीय. त्या दिवशी काय वेगळं होतं?"

शिपाईमामांनी डोकं खाजवलं. "काही नाही बुवा. घंटा टांगायची दोरी तुटलेली, म्हणून मीच वर्गावर्गात जाऊन तास संपला म्हणून सांगत होतो."

बाहेर मी गारच पडले. म्हणजे तिला पळवून लावणारी मीच!

दुसऱ्या दिवसापासून माझं तोंड बंद. मामा प्रत्येक दारात हिरवा पुठ्ठा दाखवू लागले, आणि भिंगरी रोज येऊ लागली. मला आधी राग आला, मग रडू आलं. पण समोरच्या वर्गात तिला कविता म्हणत डोलताना पाहिलं आणि राग कुठल्या कुठे पळाला.

ताईंना घाई नव्हती. शाळा सुटली की त्या तिला माझ्यापाशी आणायच्या. बरेच दिवस ती लांबूनच बघायची. मग एकदा तिने माझ्यावर तळवा ठेवला आणि मामांनी पलीकडून टिचकी मारली. जन्मात वाजले नव्हते इतकी हळू वाजले मी. ती हसली! "गुदगुल्या," म्हणाली. पुढे हातोडीला फडकं गुंडाळून तिने स्वतःच मारून पाहिलं. आवाज कधी होणार हे तिच्या हातात असलं की तो तिच्या अंगावर येत नाही, असं ताईंनी आईला समजावलं. मग ठरलं, दिवसभर पुठ्ठा, पण शाळा सुटायची घंटा भिंगरीची.

फडक्याचे वेढे हळूहळू कमी होत गेले. आज फडकंच नाही! आई फाटकाशी उभी आहे. मोठ्या बाई चष्मा पुसत बाहेर आल्यात.

आली, आली!

"मामा, कान झाका हं. मी वाजवणारे."

मामांनी निमूटपणे दोन्ही कान झाकले. तिनेही डाव्या हाताने डावा कान झाकलाय. उजव्या हातात हातोडी आहे, त्यामुळे उजवा उघडाच!

हातोडी उचलली. पोरांनो, दप्तरं भरा! आणि मोठ्या बाई, हिचं नाव पटावर राहू द्या बरं का. नाहीतर उद्या मला वाजवणार कोण?