तिला पिवळं फडकं, मला गोणपाट

मित्रांनो, शिक्रापुरात सुभानमामांच्या गॅरेजच्या दारात टप उडालेली जुनी जीप उभी असते ना, ती मीच. मी आधी दौंडच्या एका डॉक्टरांकडे होते. मग मामांनी मला घेतलं, मागे छोटी क्रेन बसवली आणि वरवंडपासून शिरूरपर्यंत बंद पडलेल्या गाड्या मी ओढून आणू लागले. "ही माझी वाघीण हाय," असं मामा गिऱ्हाइकांना सांगायचे. तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

मग २००३ साली ती आली. मारुतराव नावाच्या एका हौशी गिऱ्हाइकाची परदेशी, लाल, शर्यतीत पळवायची गाडी. तिचे गेअर म्हणे आपोआप पडायचे. तो गेअरबॉक्सच बिघडला होता. मामांनी तो खोलला, आतल्या चकत्या बदलल्या आणि पुन्हा जोडला. मामांच्या घरच्या बिबीजानमामी आपल्या जुन्या ओढणीच्या मऊ पिवळ्या फडक्यानं तिला रोज पुसायच्या. मला मात्र गोणपाट! त्यात एक दिवस मामा म्हणाले, "ही एकदा पळाली की असल्या लई गाड्या येतील. जागा लागंल. जीप भंगारात घालू."

माझा नुसता जळफळाट झाला. ती बरी झाली की मी संपले!

पण पहिल्याच फेरीत ती न्हावऱ्याच्या रस्त्यावर चढाला अडकली. इंजिन किंचाळत होतं आणि चाकं हलत नव्हती. तिला आणायला मलाच जावं लागलं. खोटं कशाला बोलू, तिची मागची चाकं उचलून ओढताना मला फार बरं वाटलं.

मामा पुन्हापुन्हा तेल मोजायची पट्टी काढून गेअरबॉक्सचं तेल बघत. तेल खुणेपर्यंत असायचं. "तेल तर भरलंय, मग गेअर घसरतोय का?" मामा रडकुंडीला आले. मारुतराव गाडी पुण्याला न्यायची भाषा करू लागले. मी मनात नाचत होते.

मामांचा सगळा जन्म ट्रक-ट्रॅक्टरांत गेलेला. त्या सवयीनं ते इंजिन बंद करूनच पट्टी काढायचे. शेवटी मामीच म्हणाल्या, "अवो, गाडी बिघडती चालताना आन् तुमी बघताय ती निजल्यावर. चालू ठिवून बघा की!"

मामांनी इंजिन तापवलं आणि चालू ठेवूनच पट्टी काढली. तेल खुणेच्या कितीतरी खाली! इंजिन फिरताना ते आत खेचलं जायचं आणि बंद केलं की परत तळाशी साचून खुणेपर्यंत दिसायचं. मामांनी आणखी लाल तेल ओतलं, आणि ती बया सुळकन चढ चढून गेली.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला दारात हजर. तेवढ्यात मामी बाहेर आल्या. "असल्या गाड्या बंद पडल्यावर उचलून कोन आणनार? तुमी खांद्यावर आणनार व्हय?"

मामांनी माझं बॉनेट उघडलं आणि कित्येक महिन्यांनी माझ्या इंजिनची पट्टी काढली. टोकाला जेमतेम ओल होती. "या अल्ला! असल्या इंजिनावर हिनं ती गाडी ओढून आणली?" भंगारवाला रिकामा परत गेला.

मित्रांनो, कुरकुर करणाऱ्यांकडे सगळे धावतात. जी निमूट राबते तिचीही पट्टी अधूनमधून काढून बघत जा. मामांनी माझी पट्टी त्याच पिवळ्या फडक्यानं पुसली. त्याला अजून तिचं लाल तेल लागलेलं होतं. पुढच्या वेळी मला माझं वेगळं फडकं हवं.