बोहारणीने नाकारलेला स्वेटर

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की ती वापरवत नाही आणि टाकवतही नाही. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या अनसूयाबाईंच्या घरी ती वस्तू म्हणजे त्यांच्या यजमानांचा, विष्णुपंतांचा, जुना लोकरीचा स्वेटर. कसरीने त्याच्या पाठीची पार चाळण केली होती. १९४८ सालच्या दिवाळीआधी अनसूयाबाईंनी तो जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीपुढे टाकला. तिने तो उजेडाकडे धरला, आरपार पाहिले आणि ती म्हणाली, "ह्याच्यावर चमचा बी न्हाई येत, बाई!" स्वेटर ओट्यावर ठेवून ती चालती झाली. घरात वरकाम करणारी राहीबाई तिथेच राखेने भांडी घासत बसली होती.

त्याच आठवड्यात महिला मंडळाची पेटी निघायची होती. काश्मीरच्या बर्फात आपले जवान लढत होते आणि सातारा-सांगलीकडची पोरे असलेल्या एका पलटणीला गरम कपडे धाडायचे ठरले होते. अनसूयाबाई मंडळाच्या चिटणीस. दारोदार हिंडून दुसऱ्यांना दानाचे महत्त्व पटवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते! मंडळाने टूम काढली होती, की प्रत्येक कपड्यावर देणाराचे नाव लाल दोऱ्याने भरायचे. मग चिटणीसबाईंचे नाव पेटीत नसून कसे चालेल? झाले! त्या स्वेटरच्या गळ्याशी 'सौ. अनसूया विष्णुपंत, गावभाग, सांगली' अशी सुबक अक्षरे उमटली. भोके घडीच्या आत गेली.

राहीबाई मूळची कवठे महांकाळकडची. तिचा एकुलता एक मुलगा कृष्णात त्याच पलटणीत होता. तिने नवे कोरे घोंगडे आणून पेटीत ठेवले.

"नाव काय घालू?" अनसूयाबाईंनी विचारले.

"नाव नगं, वैनी. कुनाच्या बी पोराच्या अंगावर पडू दे. थंडी काय नाव बघून वाजती व्हय?"

पेटी गेली. वर्तमानपत्रात मंडळाचे नाव छापून आले. अनसूयाबाईंनी ते कात्रण जपून ठेवले.

माघात कृष्णात आजारपणाची रजा घेऊन आला. लढाई थांबली होती. आईबरोबर तो अनसूयाबाईंच्या पाया पडायला आला, तेव्हा ओसरीच्या चार पायऱ्या चढताना त्याला दम लागला. चहाचा कप हातात घेऊन तो हौसेने सांगू लागला.

"काकू, पेटी आली तवा आमी बारक्या पोरांवानी गोळा झालो. माझ्या वाट्याला जाड, नवा स्वेटर आला हुता. अन् आमच्या अर्जुनाच्या हातात बघतो तर तुमचं नाव! मी म्हनलं, गड्या, ह्यो माझ्या घरचा हाय, बदल कर. त्यो म्हनला, येडा का काय रं तू? ह्याला भोकं हायती. म्हनलं, असू दे की. वाटंत गुदामात उंदरं लागली आसतील."

अनसूयाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "मग?"

"मग काय, दोन महिनं अंगावर हुता. पुसात जरा छाती धरली, दवाखान्यात पडून ऱ्हायलो. आता बरं हाय." तो खोकला, बराच वेळ खोकत राहिला. मग पिशवीतून त्याने स्वेटर काढला. धुतलेला, नीट घडी घातलेला. पाठीवरच्या एकेका भोकावर खाकी दोऱ्याचे वेडेवाकडे रफू होते. "मीच केलंय, हसू नका. काकांना थंडीत हुईल म्हनून जपून आनला."

अनसूयाबाईंनी स्वेटर हातात घेतला. नवा टाकून ह्या पोराने चिंध्या पांघरल्या, आणि त्या का, तर त्यांवर आपले नाव होते म्हणून! त्यांना त्याच्या तोंडाकडे बघवेना. लाडू आणायचे निमित्त करून त्या परसात आल्या. राहीबाई केव्हाच ओसरीवरून उठून विहिरीपाशी कामाला लागली होती.

"राहीबाई, मी त्याला आत्ता खरं सांगणार आहे. तो स्वेटर..."

"बोहारणीनं परत टाकलेला. ठावं हाय मला. मी तितंच हुते न्हवं का?"

"आणि तू त्याला बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्याला वाटतंय, सांगलीत कुनीतरी आठवन काढून मायेनं धाडलंय. त्या आधारावर त्यानं थंडी काढली. त्यो आधार बी काढून घिऊ व्हय?"

"पण मला हे सोसत नाही गं! सांगितलं तर निदान..."

"तर तुमच्या छातीवरचं ओझं उतरंल, वैनी, अन् त्याच्या छातीवर जाईल. ती आदीच अधू हाय." राहीबाईचा आवाज चढला नाही. "सांगायचंच आसंल तर फुडची पेटी भरनाऱ्यास्नी सांगा. देवाला निवद उष्टा दावतो का आपन? मग आपल्यासाठी मरायला हुबा ऱ्हातोय, त्यालाच का?"

पुढच्या सभेत अनसूयाबाईंनी तो स्वेटर खिडकीला अडकवला. खाकी टाक्यांमधून ऊन येत होते. "भगिनींनो, हे माझं दान!" त्या म्हणाल्या. "बोहारणीनं ह्याला चमचासुद्धा दिला नाही. मी मात्र ह्याच्यावर देशभक्ती विकत घेतली! तो अंगावर घालून एका पोरानं छाती गमावली, आणि वर मला धन्यवाद दिले!"

सभेत कोणी कोणाकडे पाहिले नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी आपले गाठोडे पायाने हळूच सतरंजीखाली सरकवले. त्या दिवसापासून नावे भरणे बंद झाले. पुढच्या खेपेला गाठोडी निम्मीच आली, पण त्यांतला एकही कपडा परत करावा लागला नाही.

रजा संपवून कृष्णात निघाला, तेव्हा अनसूयाबाईंनी स्वतः विणलेला दुहेरी लोकरीचा स्वेटर त्याच्या हाती दिला. त्याने गळा उलटून पाहिला. "काकू, नाव न्हाई घातलं?"

"नको रे," अनसूयाबाई राहीबाईकडे पाहत म्हणाल्या, "थंडी काय नाव बघून वाजते?"

"मग त्यो जुना बी द्या की बरुबर. त्यावर तुमचं नाव हाय."

अनसूयाबाईंनी मान खाली घालून नव्या स्वेटरची घडी पुन्हा पुन्हा सारखी केली.

वाचकहो, सीमेवर जाऊन बंदूक धरणे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आपल्या वाट्याला पेटी भरणे येते. ती भरताना इतकेच विचारावे, की हे मी माझ्या पोराच्या अंगावर घालीन का? नसेल घालवत, तर पेटीत टाकू नका. देश राखणाराला आपली अडगळ देणे हे दान नव्हे, ती त्याच्याशी केलेली फसवणूक आहे.