घोड्यांची हजेरी

शरणागतीला सदतीस वर्षं झाली होती. दर ऑगस्टमध्ये त्याच तारखेला गाशपार कप्तान आपल्या तुकडीतल्या उरल्यासुरल्या हुसारांना, म्हणजे घोडेस्वारांना, तिसा नदीकाठच्या खानावळीत जेवायला बोलवायचा. जेवणाआधी हजेरी व्हायची, पण ती माणसांची नसायची. माणसं समोर दिसतच होती, दरवर्षी थोडी कमी. हजेरी घोड्यांची. कप्तानाने वहीतून नाव वाचायचं आणि ज्याचा घोडा त्याने उठून म्हणायचं, "मैदानात पडला." पहिलं नाव कप्तानाच्या स्वतःच्या घोडीचं, चिल्लाग. ते तोच वाचायचा, उत्तरही तोच द्यायचा. आणि ते उत्तर धडधडीत खोटं होतं.

पुढचा ऑगस्ट दिसायचा नाही, असं यंदा डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. मरणाला तो भीत नव्हता. ते खोटं बरोबर घेऊन पुरलं जायचं, याचीच त्याला धास्ती होती. आज सगळ्यांसमोर बोलून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं.

तशी त्याची कारकीर्द चारचौघांत सांगण्यासारखी होती. सतराव्या वर्षी तो बादशहाच्या घोडदळात शिरला. मायदेशात उठाव पेटला तेव्हा अख्खी तुकडी घेऊन परमुलखातल्या छावणीतून निसटला आणि नऊ दिवसांत डोंगर-नद्या ओलांडून घरी आला. वर्षभर त्याच बादशहाशी लढला. मग बादशहाच्या मदतीला झार धावून आला आणि सगळा खेळ आटोपला. शरण जायच्या दिवशी हुसारांनी एकच हट्ट धरला: हत्यारं देऊ, घोडे देणार नाही. ज्याने त्याने आपला घोडा आपल्या हाताने मारायचा. हुकूम कप्तानानेच दिला. पुढे शिक्षा म्हणून त्याला पायदळात साधा शिपाई करून इटलीत धाडलं. जन्म घोड्यावर काढलेला माणूस आठ वर्षं पायी चालला. लोक हळहळले, पण त्याला स्वतःला ती शिक्षा कधी जास्त वाटली नाही.

त्याला न्यायला मिहोक छकडा घेऊन आला. मिहोक चाकं करणारा सुतार, तुकडीतला सगळ्यात तोंडाळ हुसार. त्याच्या बोटात रिगोच्या आयाळीची विणलेली अंगठी होती. रिगो म्हणजे त्याचा काळा घोडा.

"यंदा आपण चौघंच," मिहोक म्हणाला. "त्यात एक आंधळा, एक बहिरा. बहिऱ्याच्या घोड्याचं नाव लवकर उरका, कप्तानसाहेब. नाहीतर तो प्रत्येक नावाला उठून आपल्या घोड्याबरोबर दुसऱ्यांचेही पाडत सुटतो."

कप्तान हसला नाही. गावाबाहेर आल्यावर त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि आडपडदा न ठेवता सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी तो चिल्लागला वाळुंजांच्या झाडीत घेऊन गेला होता. पिस्तूल कानाशी नेलं, तर साखर असेल म्हणून ती हात हुंगायला लागली. त्याने बार हवेत काढला, खोगीर उतरवलं आणि तिला ओढ्यापलीकडे हाकलून दिलं. खोगीर खांद्यावर टाकून तो झाडीबाहेर आला, तेव्हा मिहोक रिगोच्या गळ्याला मिठी मारून उभा होता. त्याच्याने चाप ओढवत नव्हता. कप्तान त्याला म्हणाला होता, "माझी गेली. आता तुझा."

चिल्लाग एका गुराख्याकडे आणखी अकरा वर्षं जगली. इटलीहून परतल्यावर कप्तान तिला बघायला गेला, तर तिने सरळ त्याच्या खिशात तोंड घातलं. ती विसरली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं होतं.

मिहोक बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसला.

"तुम्ही म्हणालात म्हणून मी चाप ओढला."

"ठाऊक आहे."

"घरी बायकोला सांगायचो, आमच्या कप्तानाने आधी स्वतःची मारली. मग आम्हाला सांगितलं."

"आज मी सगळ्यांना सांगणार आहे, मिहोक. हे घेऊन माझ्याने मरवत नाही."

"नाही सांगायचं." मिहोकचा आवाज चढला. उभ्या आयुष्यात तो कप्तानाशी असा बोलला नव्हता. "तुमचं ओझं उतरेल हो. पण इथं बसल्या बसल्या मला रिगो दुसऱ्यांदा मारावा लागला. त्या दोघांना कशाला मारायला लावता? आंधळ्याला तर त्या दिवसाशिवाय दुसरं काही दिसतच नाही."

त्याने लगाम झटकला. छकडा खानावळीकडे निघाला. माफी मागावी असं कप्तानाला फार वाटलं, पण कुठल्या तोंडाने मागणार?

अंगणात तुतीखाली कढई रटरटत होती. आंधळा आणि बहिरा आधीच बाकावर बसले होते, मिशा पिळून, जुनी पदकं लावून. कप्तानाने वही उघडली.

"चिल्लाग," त्याने वाचलं.

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. खरं बोलायला मिहोकची बंदी आणि खोटं आता म्हणवत नव्हतं. आंधळ्याने मान वळवून त्याच्याकडे कान केला.

बाक करकरला. मिहोक उभा राहिला होता. त्याने कप्तानाकडे पाहिलं नाही.

"मैदानात पडली," तो म्हणाला.

आंधळ्याने समाधानाने मान हलवली. कप्तानाने ओळीवर बोट ठेवलं आणि कशीबशी पुढची वाचली.

"रिगो."

मिहोक उभाच होता. पण यंदा त्याला उत्तर द्यायला फार वेळ लागला.