कोपरा मोकळा सोडा

बाईंनी शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवली. एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघाले की लाल पेनाने गोल करायच्या आणि समासात लिहायच्या, ‘नक्की काय म्हणायचंय?’ मुलं चरफडायची. आणि त्याच बाईंच्या तोंडून असं वाक्य जावं, याला काय म्हणावं!

त्यांच्या परसदाराची पार रया गेली होती. कमरेएवढं गवत, उखडलेल्या फरशा, कुंपणावर चढलेल्या काटेरी वेली. पूर्वी हे सगळं बाईंचे मिस्टर बघायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी काकांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली आणि मग कसलं गवत नि कसलं काय! आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं, मग घराचा रस्ता, मग मुलीचं नाव आणि शेवटी बायको. घरात ते बाईंना ‘तुम्ही’ म्हणायचे. चहा पुढे केला की अदबीने म्हणायचे, “कशाला तसदी घेतलीत?” एकदा तर त्यांनी विचारलं, “उशीर झाला, तुमच्या घरचे वाट बघत असतील ना?” बाई स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

पण परसदाराच्या टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यात, काकांनी लावलेलं डाळिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली लोखंडी बाक. रोज सकाळी बाई त्यांना हाताला धरून, गवत तुडवत तिथे न्यायच्या. काका बाकावर टेकायचे, वर बघायचे, आणि कुठली कळ दाबली जायची देव जाणे, एकदम म्हणायचे, “ठमे, तू परत पाणी घातलंस ना याला? म्हणून फुलं गळतात.”

“नाही हो घातलं.”

“घातलंस! मी पुरता ओळखून आहे तुला.”

पंचवीस वर्षं या एकाच टुमण्याने बाईंचं डोकं उठायचं. फुलं गळोत नाहीतर झाड जळो, असं व्हायचं. आता त्या दिवसभर फक्त त्या दहा मिनिटांसाठी जगत होत्या. ठमे म्हणणारं दुसरं कोण उरलं होतं त्यांना?

मग काका एका फरशीला अडखळून पडले. कपाळाला तीन टाके. मुलगी धावत आली आणि फटकन म्हणाली, “आई, आता पुरे. एक तर हे परस नीट करून घे, नाहीतर मागच्या दाराला कुलूप लाव.” कुलूप लावलं की कोपरा गेला. म्हणून बाईंनी बागेचा कंत्राटदार बोलावला.

माणूस बोलका होता आणि कामाला वाघ. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. दारातूनच म्हणाला, “बाई, हे परस की जंगल? आत एखादा पाहुणा हरवला असेल तर आत्ताच सांगा.” बाई कितीतरी महिन्यांनी हसल्या. दारापासून टोकापर्यंत सपाट वाट, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, गवत सगळं मुळापासून बाहेर, असं ठरलं. शेवटी बाईंनी बोट दाखवलं.

“आणि तो डाळिंबाचा कोपरा तेवढा मोकळा सोडा.”

“मोकळा?”

“अगदी मोकळा. तिथे काही नको मला.”

“लिहून घेतलं बाई. माझ्या वहीत आलं की दगडावरची रेघ.”

लिहून घेतोय म्हटल्यावर बाई निर्धास्त झाल्या. पोरं लिहून घ्यायची नाहीत म्हणून आयुष्यभर ओरडल्या होत्या ना!

कामाच्या तिसऱ्या दिवशी काकांची दवाखान्यात तपासणी होती. मुलीने दोघांना सकाळीच नेलं. परत यायला दुपार टळली. बाई आधी एकट्याच मागे गेल्या. वाट तर काय सुरेख झाली होती! आणि वाटेच्या टोकाला नुसती माती. पाणी मारून, दाबून, सपाट केलेली.

“बघा,” कंत्राटदार खुशीत म्हणाला, “फार चिवट झाड, पण एक मूळ म्हणून ठेवलं नाही. अगदी मोकळा केला कोपरा.”

बाईंनी त्या मातीकडे बोट दाखवलं. त्याने वही पुढे धरली. तिथे बाईंचंच वाक्य होतं. आता त्या बिचाऱ्याचं काय चुकलं, सांगा! मोकळा सोडा म्हणजे हात लावू नका, हे बाईंच्या मनात. मोकळा सोडा म्हणजे रिकामा करा, हे त्याच्या. दोन्ही अर्थ बरोबर. बाईंनी कुणाला लाल गोल करायचा?

“झाड कुठंय?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“तोडून पाठवलं की सकाळीच.” मग त्याचं लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचा चेहरा पडला. टेम्पोतून बाक उतरवून त्याने होता तिथे ठेवला. “दुसरं आणतो बाई, एवढंच मोठं आणतो,” असं तीनदा म्हणाला. बाईंनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना मागच्या दारात आणलं. मनात म्हणत होत्या, बाक आहे, मी आहे, पुरेल तेवढं. काकांनी कठडा धरला आणि कुणाच्या आधाराशिवाय वाट चालून गेले. वर्षभरात पहिल्यांदा. बाकावर टेकले, वर बघितलं. वर नुसतं आभाळ.

“छान मोकळी जागा आहे. तुमची का?”

बाई शेजारी टेकल्या. त्यांनी विचारून पाहिलं, “अहो, मी पाणी जास्त घालते ना?”

“कशाला?” काकांनी विचारलं, अगदी मनापासून.

मग मात्र बाईंना आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबूनही हुंदके फुटत राहिले. काका गडबडून गेले. थोडे सरकून बसले, घसा खाकरला.

“रडू नका बाई. कुणी गेलं का तुमचं?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“अरेरे.” काका कठड्याला धरून उठले. “थांबा हं. माझी बायको घरात असेल, तिला पाठवतो. जिभेने तिखट आहे जरा, पण रडत्या माणसाला एकटं सोडायची नाही.”

आणि ते सपाट वाटेवरून घराकडे निघाले. “ठमे! अगं ए ठमे! बाहेर ये, एक बाई रडतायत बघ.”

“ओ,” बाईंच्या तोंडून गेलं.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. दारातून आत गेले आणि एकेका खोलीत हाका मारत तिला शोधू लागले.