शाल्मलीने यादी सोडली

रघुवीर सरांची मेलिंग लिस्ट सोळा वर्षं चालू होती. बेळगावच्या खासबागेतल्या घरातून दर रविवारी सकाळी ते एक पत्र लिहीत आणि ते निपाणीपासून मस्कतपर्यंत पसरलेल्या तीनशेच्यावर जुन्या विद्यार्थ्यांना जाई. कोण निवृत्त झालं, कडोलीच्या साहित्य संमेलनात कोण काय बोललं, असलं काहीबाही.

सुनयना त्यांची निपाणीच्या शाळेतली विद्यार्थिनी; सर तेव्हा तिथंच राहायचे. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. शाळा सुटली की ती सरांच्या घरी गणिताला बसायची, शेजारी सरांची मुलगी शाल्मली. आता सुनयना बेळगावात सॉफ्टवेअर कंपनीत होती. सरांसाठी एक वेबपान करून द्यायचं तिनं स्वतःहूनच अंगावर घेतलं. कुणी नवीन आलं, कुणी बाहेर पडलं, कुणाचा मेल परत आला, की लिस्टचं सॉफ्टवेअर आतून एक नोंद सोडतं. ती पकडायची, पानावर दाखवायची आणि कुणी बाहेर पडलं तर सगळ्यांना कळवायचं, एवढंच काम. तीनदा मेल परत आला की नाव आपोआप गळावं, हेही तिनंच सुरू करून दिलं.

पान सुरू झाल्यावर तिसऱ्या रविवारी बारा वाजता सरांचा फोन आला.

"सुनयना, जरा घरी ये."

तिनं गाडी काढतानाच मोबाइल पाहिला. सगळ्यांना गेलेला मेल तिलाही आला होता: ‘शाल्मली यांनी यादी सोडली.’ खाली उत्तरं. अगं, कुठे चाललीस? मस्कतच्या एकीनं लिहिलं होतं: रागावलीस का आमच्यावर?

शाल्मलीला जाऊन चार वर्षं झाली होती. सरांनी लिस्टवर ते कधी लिहिलंच नव्हतं. बाहेरगावच्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

सर संगणकासमोर बसले होते. दारात त्यांच्या पत्नी, सरोजिनीकाकू.

"सर, लई चुकलं माझं," सुनयना उभ्या उभ्याच म्हणाली. "कुणी आपणहून गेलं काय, न्हाय तर नाव गळालं काय, आतून नोंद एकच येती. मी फरकच केला न्हाय. आणि यादी एकदा वाचायची, तीबी वाचली न्हाय."

"तिच्या कंपनीनं तो पत्ता कधीच बंद केलाय," सर म्हणाले. "दर रविवारी माझं पत्र परत येतं. वर तिचं नाव असतं. परत आलेलं का होईना, तिच्या नावानं काहीतरी येतं की गं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "चार वर्षं? आणि मला बोलला नाहीत?"

काकू आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालूच राहिला.

"नाव परत घालू सर? दोन मिनिटांचं काम हाय."

"नको. लोक तिला विचारायला लागलेत. उत्तर मलाच द्यायला हवं."

एरवी दर रविवारी लिहिणाऱ्या सरांना आज टाइप करता येईना. ते सांगत गेले, सुनयना लिहीत गेली. चारच ओळी झाल्या. आजाराचं नाव सांगताना ते थांबले, मग म्हणाले, "तेवढं राहू दे." पाठवायचं बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं.

संध्याकाळपर्यंत तिनं चूक दुरुस्त केली. आता कुणाचंही नाव आपोआप गळणार नव्हतं. आधी सरांना विचारणा येणार होती. पण नुसत्या कोडनं तिचं मन शांत होईना. आठवडाभर ती उत्तरं वाचत होती. मस्कतच्या बाईनं लिहिलं होतं, माझ्या मुलीला शाल्मलीनं वर्षभर फोनवरून गणित शिकवलं, घरी कुणाला सांगू नका म्हणाली होती. असली सव्वीस पत्रं आली. आईवडिलांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं; सरांनी ती उत्तरं उघडलीच नव्हती.

सुनयनानं खडेबाजारात जाऊन ती छापून आणली. काकूंनी चष्मा लावला आणि पायरीवरच बसून वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"सरोजिनी, मनात वाच," सर आतून म्हणाले. "मला अजून नको."