तेरेझाची माळ

"नको, मीच घालते वेणी," म्हणत सावनीने आईच्या, ऋजुताच्या हातातला कंगवा काढून घेतला.

गेले आठ दिवस हेच. दुसरीतली पोर आरशासमोर उभी राहून केसांशी झटायची. भांग पार कानाकडे जायचा. कशीबशी वेणी झाली की दप्तरातून दोऱ्यात ओवलेले मणी काढायची आणि एक मणी पुढे सरकवायची. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सिस्टरना माहितेय."

सिस्टर म्हणजे शाळेतल्या सिस्टर लुर्दिना. गोष्टीच्या तासाला त्यांनी संत तेरेझाची गोष्ट सांगितली होती. ही फ्रान्समधली तेरेझा लहानपणी देवासाठी आवडीचं काही ना काही सोडायची आणि दर वेळी माळेतला एक मणी सरकवायची. तेव्हापासून घरात तेरेझाच तेरेझा. तेरेझाला चार बहिणी. तेरेझाची आई ती चार वर्षांची असतानाच गेली. शिवाय सिस्टरच्या हाताला कसा छान साबणाचा वास येतो.

ऋजुताने नकळत स्वतःचा हात हुंगला. लसणाचा वास येत होता.

नवरा पोफळीला पॉवरहाऊसवर, आठवडाभर घरात या दोघीच. त्यात दीडशे वर्षांपूर्वीची ही कोण मुलगी येऊन बसली, आणि ती पांढऱ्या झग्यातली बाई?

शनिवारी शाळा सुटताना ऋजुता मुद्दाम आत गेली. सावनी सिस्टरच्या कमरेला बिलगली होती. ते पाहून ऋजुताने मनाशी घोळवलेलं बोलणं जरा जास्तच धारदार निघालं.

"सिस्टर, मुलांना काय काय सोडायला सांगता तुम्ही? पोरगी मला केसांना हात लावू देत नाही."

सिस्टरनी सावनीला घसरगुंडीकडे पिटाळलं. "अगो बाय, मी चॉकलेट सोडा म्हटलेलं. कोणी कार्टून सोडलं, कोणी पेप्सी. ही म्हणते, आईने घातलेली वेणी मला सगळ्यात आवडते, तीच सोडते. मी म्हटलं, दुसरं काहीतरी बघ. ऐकते कुठे? तेरेझाच्या सणापर्यंत, म्हणजे एक तारखेपर्यंत चालायचं हे."

ऋजुताला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण लेकीच्या मनातलं आधी सिस्टरना कळलं, हे माशाच्या काट्यासारखं घशात रुतलं. 'पुरे कर' म्हणावं, तर पोरीने एवढं जपलेलं आपणच कसं मोडायचं?

घरी जेवणं झाल्यावर ती सावनीला म्हणाली, "वर्गात उवा झाल्यात म्हणे. ये, फणी लावते."

सावनीने विचार केला. फणी म्हणजे काही वेणी नव्हे. ती येऊन आईच्या मांडीवर आडवी झाली.

ऋजुताने रबर सोडलं. एकेक बट वेगळी करत, कानामागून मानेपर्यंत, सावकाश फणी फिरवली. खाली पसरलेल्या पांढऱ्या फडक्यावर काहीच पडलं नाही.

"मिळाली गो, आई?"

"अजून नाही. हलू नकोस," म्हणत तिने पुन्हा पहिल्या कानापासून सुरुवात केली.